हातगुण आणि नोंदवही

"रोग ओळखताना, माणूस जगेल की जाईल हे सांगताना, तुझं कधीच चुकत नाही का?"

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात चीनच्या सम्राट वनच्या दरबाराने एका वैद्याला हा प्रश्न विचारला होता. वैद्याचं नाव छुन-यू यी. छी राज्यातला, म्हणजे आजच्या शानतुंग प्रांतातला. सरकारी धान्यकोठाराचा अधिकारी म्हणून तो ओळखला जायचा. त्याच्याविरुद्ध तक्रार झाली, त्याला राजधानीला नेण्यात आलं आणि अवयव तोडण्याची शिक्षा त्याच्यापुढे उभी राहिली. त्याच्या पाच मुलींतली धाकटी, थी-यिंग, बापामागोमाग राजधानीपर्यंत गेली. वडिलांच्या शिक्षेच्या बदल्यात मला सरकारी दासी करून घ्या, असा अर्ज तिनं थेट सम्राटाला केला. सम्राटाचं मन द्रवलं. इ.स.पू. १६७ मध्ये अंगच्छेदाच्या शिक्षाच रद्द झाल्या, त्यामागे या मुलीचा अर्ज होता असं सांगतात. चीनमध्ये ही गोष्ट आजही सांगितली जाते ती मुलीची म्हणून. मला मात्र त्यातला बाप सोडवत नाही.

कारण पुढे दरबाराने त्याच्याकडून उत्तरं मागवली. कुणाकुणाला बरं केलंस, कुणाकडे शिकलास, तुझ्याकडे कोण शिकलं, आणि चुकतोस का. त्याने पंचवीस रुग्णांची हकिगत दिली. रुग्णाचं नाव, हुद्दा, तक्रार, नाडीत काय लागलं, त्यावरून काय अंदाज बांधला आणि पुढे काय घडलं. सिमा छ्येन या इतिहासकाराने ती आपल्या ग्रंथात उतरवून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. पहिलीच नोंद अंगावर येणारी आहे. छंग नावाचा दरबारी अधिकारी डोकं दुखतंय म्हणून आला. छुन-यू यीने नाडी पाहिली आणि आजार वाईट आहे, बोलण्यासारखा नाही, एवढंच त्याला म्हणाला. बाहेर येऊन त्याच्या भावाला एकट्याला गाठून सांगितलं, की पोटात आतड्यांपाशी गळू धरलंय, पाच दिवसांनी सूज येईल, आठव्या दिवशी पू ओकून हा जाईल. तसंच झालं. पंचवीसपैकी दहा रुग्ण दगावले आहेत, आणि तेही त्याने तितक्याच बारकाईने लिहिलेत.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. तो सांगतो, की आधी नाडी पाहतो, मगच उपचाराला हात घालतो. पण मन नाडीवर नीट बसलं नाही, तर कोण वाचेल आणि कोण बरा होण्याजोगा आहे याचे अंदाज वेळोवेळी हुकतात. माझ्याकडून सगळं अचूक होत नाही. शिक्षेतून जेमतेम सुटलेला माणूस हे सम्राटाला कळवतो.

आजाराचं नाव एकच असूनही तुझं निदान वेगळं कसं, कुणी जगतं आणि कुणी जातं ते का, असंही त्याला विचारलं गेलं. त्याचं म्हणणं असं, की गुरूची विद्या हाती येते न येते तोच गुरू वारले. म्हणून ज्यांना ज्यांना तपासलं त्यांची नोंद ठेवत गेलो, पुढे काय होईल ते ठरवत गेलो, आणि कुठं साधलं, कुठं निसटलं हे नाडीशास्त्राशी ताडून पाहत गेलो.

मी पुण्यात ॲक्युपंक्चर करते आणि शिकवते. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी हीच गोष्ट सांगते. सुया त्यानंतर.

आमच्याकडे शिकायला येणारी मंडळी तऱ्हेतऱ्हेची असतात. कुणी होमिओपॅथीची पदवी घेतलेलं, कुणी फिजिओथेरपिस्ट, कुणी बऱ्याच वर्षांच्या नोकरीनंतर नवं काही शिकू पाहणारी नर्स. महाराष्ट्रात २०१५ साली ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा झाला, तेव्हापासून लोक या विद्येकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागलेत. पहिल्या दिवशी कुणीतरी हमखास डॉक्टर कोटणिसांचं नाव काढतं. ही विद्या आपल्या सोलापूरच्या डॉक्टरांनी भारतात आणली, असा खूप जणांचा समज आहे. कोटणीस शल्यविशारद होते. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारले. ॲक्युपंक्चर भारतात रुजवलं ते त्याच पथकातल्या डॉक्टर बिजय कुमार बसूंनी. ते पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमाराला कोलकात्यात त्यांनी काम सुरू केलं. कोटणिसांचं मोठेपण यानं तसूभर कमी होत नाही. पण ऐकीव आणि पडताळलेलं यात फरक करायची सवय पहिल्या दिवसापासून लागलेली बरी.

या विद्येत हाताचं शिक्षण फार जुनं आणि फार चांगलं आहे. १०२७ साली, सुंग राजवटीत, वांग वेई-यी नावाच्या राजवैद्याने माणसाच्या आकाराचे दोन कांस्यपुतळे करवून घेतले. अंगावर सुई टोचण्याचे साडेतीनशेहून जास्त बिंदू, प्रत्येक ठिकाणी बारीक छिद्र. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा थर द्यायचा, आत पाणी भरायचं आणि विद्यार्थ्याने सुई टोचायची, असं वर्णन आहे. जागा बरोबर असेल तर पाणी बाहेर येणार, नसेल तर सुई आत जाणारच नाही. आम्ही आजही काहीशी अशीच सुरुवात करतो. आधी कागदाची जाड गड्डी, मग कापसाचा घट्ट बांधलेला बोळा, मग स्वतःचा पाय. एसटी ३६, म्हणजे जठराच्या वाहिनीवरचा छत्तिसावा, हा बिंदू गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. पहिल्यांदा स्वतःला टोचताना सगळ्यांचा श्वास अडकतो. सुई गेल्यावर तिथं आंबल्यासारखं, जड, भरून आल्यासारखं वाटू लागतं, कधी मुंग्या पावलापर्यंत उतरतात. टोचणाऱ्याच्या बोटांनाही काहीतरी लागतं. आतापर्यंत सैल असलेली सुई कुणीतरी आतून धरल्यासारखी होते. जुन्या चिनी पद्यात याला गळाला मासा लागल्याची उपमा दिलेली आहे, आणि ज्याच्या बोटांना ते एकदा लागलं त्याला ती अचूक वाटते. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये संशोधक हेलीन लँजव्हिन यांनी या धरण्याचाच अभ्यास केला. सुई फिरवली की त्वचेखालच्या संयोजी ऊतीचे तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात आणि ती ओढून काढायला जास्त जोर लागतो. हे त्यांनी यंत्राने मोजून दाखवलं. बोटांना जे लागतं ते मनाचे खेळ नाहीत, हे यावरून विद्यार्थ्यांना कळतं. पण सुई धरली गेली म्हणून माणूस बरा होतो का, हा प्रश्न तिथंच उरतो. कांस्यपुतळाही त्याचं उत्तर देऊ शकत नाही. त्याला दुखतच नाही, तर तो बरा काय होणार!

तिथून पुढे वही सुरू होते.

हल्ली परदेशातल्या अभ्यासक्रमांतून चिंतनवही लिहून घेतात, आपल्याकडेही ती आली आहे. १९८३ साली डोनाल्ड शॉन यांनी मांडलं, की कसबी माणूस दोन वेळा विचार करतो, एकदा काम करता करता आणि एकदा काम झाल्यावर. नर्सिंग, शिक्षकी पेशा, समाजकार्य, सगळीकडे हा विचार पोचला. विचार चांगलाच आहे. पण त्यातून विद्यार्थी जे लिहून आणतात ते वाचून माझा जीव कासावीस होतो. "आज मला खूप काही शिकायला मिळालं. रुग्णाशी छान संवाद साधता आला. पुढच्या वेळी मी अधिक आत्मविश्वासाने काम करीन." पानंच्या पानं अशी. यात खोटं काही नाही. पण हे कुठल्याही दिवशी, कुठल्याही रुग्णाबद्दल लिहिता येतं. रुग्णाला गुण आला असता तरी हेच आणि न येता तरी हेच. ज्या नोंदीत रुग्ण बदलला तरी शब्द बदलत नाहीत, तिच्यातून लिहिणारा काय शिकणार?

छुन-यू यी शॉनच्या दोन विचारांच्या आधी तिसरा ठेवतो. तो काम करण्याच्या आधी सांगून ठेवतो. पाच दिवसांनी सूज, आठव्या दिवशी मृत्यू. आठवा दिवस उजाडायच्या आत ते बोललं गेलंय. आता मागाहून सारवासारव करायला जागा नाही. म्हणून आमच्या केसपेपरवर एक रकाना असतो, 'अंदाज'. पहिली सुई लावायच्या आधी तो शाईने भरायचा.

एका विद्यार्थिनीचं पान सांगते. तिची आणि रुग्णाची ओळख लागेल असं सगळं त्यातून काढलंय. काकूंचा डावा खांदा आखडलेला, डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलेलं, साखरही होती. आम्ही शार्लट पॅटरसन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९६ साली मांडलेली पद्धत वापरतो. त्रास कोणता हे रुग्णानेच आपल्या शब्दांत सांगायचं, त्या त्रासापायी काय करता येत नाही तेही सांगायचं, आणि शून्य ते सहा यातला आकडा द्यायचा. सहा म्हणजे अगदी वाईट. काकूंनी सांगितलं, "रात्री त्या कुशीवर झालं की ठणका लागतो, झोप मोडते." त्याला पाच. "वरच्या फळीवरचा डबा निघत नाही." त्याला सहा. त्याखाली मुलीने लिहिलं होतं:

"अंदाज: चार आठवड्यांत रात्रीचा ठणका तीनपर्यंत उतरेल. हात वर जाण्यात फारसा फरक पडणार नाही. असं का वाटतं: सांधा अजून घट्ट आहे, आवळ सुटायला महिने लागतात. ठणका मात्र स्वस्थ पडल्यावरही आहे, तो कमी होऊ शकतो. कुठं फसू शकते: ठणका आपणहून उतरायच्या बेतात असेल, तर ते मला कळणार नाही."

चार आठवड्यांनी ठणका दोनवर आला. डबा सहावरच. अंदाज बरोबर, खरं तर त्याहून बरा. वर्गात टाळ्या पडल्या असत्या. पण तिनं खाली आणखी लिहिलं होतं. काकू मधल्या काळात बगलेत उशी घेऊन झोपू लागल्या होत्या, फिजिओचे व्यायाम सुरू झाले होते आणि दुसऱ्या आठवड्यात साखरेची गोळी बदलली होती. शेवटची ओळ होती, "माझा अंदाज खरा ठरला. माझं कारण खरं होतं असं त्यावरून ठरत नाही."

मला विचाराल तर प्रशिक्षणातून बाहेर पडताना विद्यार्थ्याच्या हातात एवढी एक ओळ असली की झालं. हाताचं कसब पुढे वाढतच जातं.

हे एका पानावर दिसलं. पण एक पान म्हणजे संशोधन नाही, आणि ते कुठं कमी पडतं हे वहीच दाखवते. ज्यांना गुण येतो ते पेढे घेऊन येतात. ज्यांना येत नाही ते यायचेच बंद होतात. म्हणजे उपचार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढून रोज फक्त बरे झालेलेच जातात, आणि दहा-पंधरा वर्षं असं झालं की माणसाला आपल्या हाताबद्दल खात्री वाटू लागते. ती प्रामाणिकच असते, आणि तिला आधार नसतो. म्हणून आमचे विद्यार्थी न आलेल्यांना फोन करतात. काही लोक तुटक बोलतात, काही मोकळेपणाने सांगतात, "ताई, काही फरक नव्हता हो." ही वाक्यंही वहीत जशीच्या तशी जातात.

आपल्याकडे म्हणतात, अमक्याच्या हाताला गुण आहे. लहानपणी हे ऐकून वाटायचं की ती देवाघरची देणगी असावी. बोस्टनमध्ये टेड कॅपचक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हातगुणच मोजला, असं मला त्यांचा २००८ सालचा अभ्यास वाचताना वाटलं. ॲक्युपंक्चर मकाऊला जाऊन शिकलेला हा माणूस पुढे हार्वर्डमध्ये प्लासिबोचा, म्हणजे खोट्या उपचारानेही पडणाऱ्या गुणाचा, अभ्यासक झाला. आतड्यांच्या त्रासाचे, आयबीएसचे, २६२ रुग्ण घेतले. त्यांचे तीन गट केले. एका गटाला नुसतं प्रतीक्षा यादीवर ठेवलं. दुसऱ्याला आत न शिरणारी खोटी सुई दिली, आणि उपचार करणारा जेवढ्यास तेवढं बोलला. तिसऱ्याला तीच खोटी सुई, पण पहिल्या भेटीला पाऊण तास. आस्थेने विचारपूस, रुग्णाचंच वाक्य पुन्हा उच्चारून खातरजमा, धीराचे शब्द, आणि वीस सेकंद नुसतं शांत बसून नाडी पाहणं किंवा विचार करणं. हे सगळं आधी ठरवून दिलेलं. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं म्हणणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२.

या तिन्ही गटांत त्या तीन आठवड्यांत खरी सुई कुणालाच लावलेली नव्हती.

या अभ्यासावर वर्गात मी मुद्दाम घाई करत नाही. पहिली प्रतिक्रिया बहुधा दुखावल्याची असते. मग आपण शिकतोय ते काय? मी त्यांना ती वीस सेकंदं करून बघायला लावते. जोडीदाराच्या मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि काही न बोलता वीस सेकंद थांबायचं. ओपीडीत खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी इतका वेळ शेवटचं कोण थांबलं होतं, हे त्यांना तेव्हा उमगतं. नाडीतून निदान किती होतं हा वेगळा वाद आहे. पण नाडी धरून बसणं ज्याचा भाग आहे त्या आस्थेने काही होतं, हे त्या आकड्यांत दिसतं. जे होतं ते शिकवता येतं आणि मोजताही येतं. हातगुण ही जन्मजात गोष्ट मानून सोडून दिली, तर ज्यांच्याकडे ती नाही त्यांच्या रुग्णांनी काय करायचं?

आता खऱ्या सुईचं. हायडेलबर्गमध्ये कोनराड श्ट्राइटबर्गर यांनी १९९८ साली एक खोटी सुई जगापुढे ठेवली. मी ती हातात घेऊन पाहिली आहे. टोक बोथट, आणि दाबलं की सुईची काडी मुठीतच सरकते, नाटकातल्या खंजिरासारखी. त्वचेवर छोटं प्लास्टिकचं कडं, वर पट्टी, त्यातून ही सुई जाते. रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं, सुई आखूड झालेली दिसते, आत मात्र काही गेलेलं नसतं. यामुळे खऱ्याखोट्याची तुलना करता येऊ लागली. त्यावरही आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. बोथट टोकाने दाबणं हाही स्पर्शच, त्वचेला तोही कळतो. शिवाय जपानमध्ये न टोचता नुसत्या स्पर्शाने उपचार करणारी आख्खी परंपरा आहे. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत जी खोटी सुई, तिच्याजवळ जाणारी गोष्ट जपानमध्ये कुणाचा तरी रोजचा उपचार.

चांगल्या दर्जाच्या प्रयोगांमधल्या एकेका रुग्णाची मूळ माहिती मिळवून अँड्र्यू व्हिकर्स आणि मंडळींनी २०१२ साली ती एकत्र मांडली. २९ चाचण्या, १७,९२२ रुग्ण. पाठदुखी, मानदुखी, गुडघे, खांदा, जुनाट डोकेदुखी. समजायला सोपं जावं म्हणून त्यांनी एक उदाहरण दिलंय. शंभरच्या मापावर दुखणं साठ आहे असं धरा. सुई न लावता ते ४३ वर येईल. खोट्या सुईने ३५ वर. खऱ्या सुईने ३० वर.

मी हे चार आकडे फळ्यावर लिहिते आणि गप्प बसते. साठ, त्रेचाळीस, पस्तीस, तीस. काही न करताही सतरा उतरले, ते काळाने, इतर औषधांनी आणि दुखणं मुळात वर-खाली होतं म्हणून. दुखणं शिगेला पोचतं तेव्हाच माणूस आमच्याकडे येतो, त्यामुळे तिथून ते बरेचदा खालीच येणार असतं. मग आठ, ते सुई लावण्याच्या सगळ्या सोहळ्याचे. शेवटचे पाच आमच्या बिंदूंचे, खोलीचे, वर्षानुवर्षांच्या शिकण्याचे. एका बॅचमध्ये एक जण चिडून म्हणाला, "फक्त पाच?" शेजारची म्हणाली, "अरे, पण रुग्णाला तीस मिळतात ना." दोघंही बरोबर होते. त्या दुपारी पुढे सुया हातातही घेतल्या गेल्या नाहीत, इतकं बोलणं झालं. माझं मत मी लपवत नाही. ते पाच खरे आहेत आणि लहान आहेत. जो शिक्षक विद्यार्थ्यांना आठ आणि पाच मिळून तेराच सांगतो आणि पाच सांगत नाही, तो त्यांना अर्धवट शिकवतो. जो पाचच सांगून सुया मोडीत काढतो, तोही.

याच ओघात एक जुना अभ्यास येतो. अमेरिकेत सिएटलला चाळिशीची एक बाई जुनाट पाठदुखी घेऊन सात ॲक्युपंक्चर करणाऱ्यांकडे गेली. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. कुणी तिला सात सुया सुचवल्या, कुणी सव्वीस. मिळून अठ्ठावीस बिंदू निघाले आणि त्यातले फक्त चार दोघांच्या किंवा जास्त जणांच्या यादीत होते. आम्ही वर्गात हाच प्रयोग करतो. एकच रुग्ण, विद्यार्थी एकेकटे आत जातात, बाहेर येऊन कागद घडी करून टेबलावर ठेवतात. कागद उघडताना खोलीत फार गंमत नसते. "प्रत्येकाची पद्धत वेगळी" असं म्हणून हे झाकता येतं, आणि बरेच जण झाकतात. पण सात वाटा एकाच गावाला जातात की नाही, हे कुणी जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. व्हिकर्स यांनीच १९९८ साली देशवार पाहिलं होतं, कुठल्या देशातल्या चाचण्यांत ॲक्युपंक्चर उपयोगी ठरतं आणि कुठल्या देशात नाही. चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेल्या त्यांच्या यादीतल्या झाडून सगळ्या चाचण्या यशस्वी. एकही हुकलेली नाही. ज्या मातीत छुन-यू यीने पंचवीसपैकी दहा मरणं लिहून ठेवली आणि वर माझं चुकतं म्हणून कळवलं, तिथं दोन हजार वर्षांनी एकही अपयश छापण्याजोगं वाटू नये, याचं मला वाईट वाटतं. परंपरेचा अभिमान सांगायचा तर तो या वैद्याच्या वहीचा सांगावा. काय उपयोगी नाही हे त्याच्या वहीत दिसतं, म्हणून काय उपयोगी आहे यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

साध्या, रोजचं काम करणाऱ्या लोकांच्या नोंदींतून मोठं काम उभं राहिल्याचं उदाहरणही आहे. यॉर्कमधल्या ह्यू मॅक्फर्सन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ५७४ ॲक्युपंक्चर करणाऱ्यांना चार आठवडे आपल्या दवाखान्यातलं सगळं लिहून ठेवायला सांगितलं. २००१ साली निकाल आला. ३४,४०७ उपचार, गंभीर इजा एकही नाही. किरकोळ पण लिहिण्याजोग्या घटना ४३. चक्कर येणं, मळमळ, मोक्सा, म्हणजे शेक देण्यासाठीची वाळलेली वनस्पती, जाळताना भाजणं, अंगात सुई राहून जाणं. अंगात सुई राहिली हे लिहायला मन घट्ट करावं लागतं. तेवढं करणारी माणसं होती म्हणून ३४,४०७ या आकड्याला वजन आलं. मी विद्यार्थ्यांना सांगते, सुया मोजून लावा, मोजून काढा, आणि राहिली तर त्याच दिवशी लिहा. छातीजवळच्या आणि खांद्यावरच्या बिंदूंची खोली तर दरवेळी, न चुकता. तिथं फुफ्फुस फार जवळ असतं.

राहता राहिला रुग्ण. एवढं सगळं वाचून झाल्यावर त्याला सांगायचं काय, यावर गेल्या बॅचमध्ये जोरात वाद झाला. एका मुलाचं म्हणणं, सगळं सांगितलं तर विश्वास उडेल आणि त्या तेरातलेही काही जातील. दुसरी म्हणाली, विश्वास अर्धं सांगून मिळवायचा असेल तर तो आपला नाहीच. मी दुसरीच्या बाजूची आहे, आणि तसं सांगितलं. शेवटी सगळ्यांनी मिळून चार वाक्यं ठरवली. "या प्रकारच्या दुखण्यात सुयांनी बऱ्याच लोकांना आराम पडतो. त्यातला थोडा भाग सुईचा आणि बराचसा एकूण उपचाराचा असतो, असं मोठ्या अभ्यासांत दिसलंय. तुमच्या डॉक्टरांची औषधं आणि व्यायाम बंद करू नका. सहा वेळा येऊनही फरक नसेल तर आम्हीच थांबा म्हणू."

ही वाक्यं ऐकून लोक उठून जातील अशी धास्ती होती. बहुतेक जण एवढंच विचारतात, दुखेल का आणि किती सुया. पण गुडघ्यांसाठी येणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी चष्मा काढून विचारलं, "पस्तीस आणि तीस यातला फरक माझ्या गुडघ्याला कळेल का?" विद्यार्थ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांनाच उलट विचारलं, की किती उतरलं तर फायदा झाला असं तुम्ही म्हणाल? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "सोसायटीचे दोन जिने न थांबता चढलो, तर झाला. आकडा तुम्ही घाला."

तेव्हापासून केसपेपरवर आणखी एक रकाना आहे. 'काय झालं तर फायदा म्हणाल?' रुग्णाने सांगायचं, विद्यार्थ्याने त्याच्याच शब्दांत लिहायचं. तो अंदाजाच्या वर आहे, आणि आधी भरायचा असतो.